संगणकावरील भार कसा मोजतात?

काशीमीरा नाक्यावर भाईंदराकडील रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गास मिळतो, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेथील गर्दी अजमावावयाची तर केवळ चौक ओलांडणाऱ्या गाड्या मोजून भागत नाहीं. मागें खोळंबलेल्याही मोजाव्या लागतात. संगणकाच्या भाराचेंही तसेंच आहे.

संगणकांतील सर्व कामांस पाळीपाळीनें प्रोसेसर मिळवून देणें, हें ऑपरेटिंग सिस्टीमचें काम होय. त्यांपैकीं लिनक्स ही सिस्टीम सुमारें दर पांच सेकंदांनीं, चालू असलेलीं व पाळीची वाट पाहणारीं कामें मोजते, आणि त्यावरून १, ५ व १५ मिनिटांचे तीन आंकडे सांगते. ही साधी सरासरी नव्हे. ताज्या मोजणीस अधिक महत्त्व देऊन जुनीचें महत्त्व क्रमाक्रमानें घटवितात. पहिला आंकडा तिसऱ्याहून मोठा असल्यास भार वाढत आहे, लहान असल्यास ओसरत आहे, असें समजावें. ही पद्धति जुनी आहे. टेनेक्स नामक सिस्टीमचे असे आंकडे अमेरिकेंत १९७३ सालीं प्रसिद्ध झाले होते.

आतां ४ हा आंकडा मोठा कीं लहान? प्रोसेसर एकच असेल, तर एक काम चालू व तीन तिष्ठत आहेत. चार असतील, तर कोणासही थांबावें लागत नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेल्या परम ८००० या महासंगणकांत तर अनेक प्रोसेसर एकत्र राबत असत. तसल्या यंत्रास चार कामें म्हणजे विसांवाच! म्हणून वाहणारा किती, हें जाणल्यावांचून ओझ्याचा निवाडा करूं नये.

आणखी एक गोष्ट. १९९३ पासून लिनक्स डिस्कच्या प्रतीक्षेंत अडकलेलीं कामेंही या हिशेबांत धरते. त्यामुळें प्रोसेसर रिकामा असूनही भार मोठा दिसूं शकतो. विंडोज मात्र टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसर, स्मृति व डिस्क यांचा वापर निरनिराळा, शेंकडेवारीनें दाखविते.

पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें. संगणक मंद झाला, कीं नवा घेण्याचा हट्ट घरोघरीं सुरू होतो. परंतु प्रोसेसर मोकळा व डिस्क शंभर टक्के गुंतलेली असेल, तर पुष्कळदां डिस्क बदलून किंवा स्मृति वाढवून थोडक्या खर्चांत काम भागतें. विद्यार्थ्यांनीं आधीं आंकडे पाहावे, मग वडिलांकडे पैसे मागावे. अडचण कोठें आहे तें शोधून मग उपाय करणें, हेंच शहाणपण होय.