दीक्षाभूमीवर सांगणारा कोण?

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला यवतमाळ, दारव्हा, वणीकडून आपली माणसे शिदोरी बांधून नागपूरला जातात. स्तूपाला वंदन करतात, पुस्तके घेतात, परततात. पण १९५६ साली बाबासाहेब सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते, त्यांचे कपडे आणि टाईपरायटर चिचोलीच्या शांतिवनात जपले आहेत, हे त्यांना कोण सांगतो?

अमेरिकेच्या दक्षिणेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय वाटाडे पाहुण्यांना आपला इतिहास जागेवर नेऊन सांगतात. तेथील कोर्ट स्क्वेअरमध्ये गुलामांचा लिलाव होई. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स तिथेच बसमध्ये चढल्या. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीच्या कैवाऱ्यांना अर्पण केली होती. नाते जुने आहे, धडा तेवढा घ्यायचा राहिला.

दीक्षेचा सोहळा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. आपल्या वस्तीतून कोण गेले, परतल्यावर कोणती कामे सोडली, गावाने कसा त्रास दिला, हे त्यांनाच ठाऊक. तरुणांनो, वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. यंदा प्रत्येक गाडीत सांगणारा एक जण हवा. आपला इतिहास आपण सांगितला नाही, तर दुसरे त्यांना हवा तसा सांगतील.

जयभीम!