टाक्यांवरचा लाल दिवा

येत्या ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन आहे. या आठवड्यात ठिकठिकाणी मोफत शिबिरे होतात, गुडघ्यांवर व्याख्याने होतात. त्याच सुमारास सणासुदीच्या ऑनलाइन सेलमध्ये इन्फ्रारेड दिवे, कमरेचे पट्टे, चटया आणि मोजे यांच्या जाहिरातींना ऊत येतो. ऑपरेशन झालेल्यांसाठी त्यात खास आश्वासने असतात. आईच्या गुडघ्याच्या वाट्या बदलल्या, बहिणीचे सिझेरियन झाले, काकांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले, की घरातले कोणीतरी मोबाइलवर तो दिवा शोधतेच. विकत घ्यावा का, हा प्रश्न मग शेजारच्या फिजिओथेरपिस्टपर्यंत पोहोचतो. पुष्कळदा दिवा घरी आल्यानंतर.

शेकाने बरे वाटते हे मराठी घराला कोणी शिकवायला नको. बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी, तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी, मिठाचा शेक हे सारे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. प्रसूतीनंतर टाक्यांवर इन्फ्रारेड दिव्याचा शेक देण्याची पद्धत अनेक रुग्णालयांतही आहे. पण दिव्याने टाके ‘सुकतात’ ही त्यामागची समजूत मात्र चुकीच्या दिशेने नेते. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवले, की ओलसर राखलेली उथळ जखम उघड्यावर कोरड्या पडलेल्या जखमेपेक्षा लवकर त्वचा धरते. शेकाचा उपयोग असलाच, तर तो जखम वाळवण्यात नसून जखमेपर्यंत रक्त आणि प्राणवायू पोहोचवण्यात आहे.

हे नीट तपासून पाहणारा एक प्रयोग जर्मनीत हायडेलबर्गला झाला, आणि त्याची दखल आपल्याकडे फार कमी घेतली गेली असे मला वाटते. पोटाची मध्यम किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेले १११ रुग्ण त्यात होते. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवसापासून रोज दोनदा, वीस-वीस मिनिटे त्यांच्या जखमेवर दिवा धरला जाई. दिवा सगळ्यांनाच होता. फरक एवढाच, की एका गटाच्या दिव्यातून दृश्य प्रकाशाबरोबर इन्फ्रारेड किरण येत आणि दुसऱ्या गटाच्या दिव्यातून नुसता प्रकाश. इन्फ्रारेडच्या गटात दिवा चालू असताना वेदना कमी होत गेल्या. दुसऱ्या गटात त्या होत्या तिथेच राहिल्या. वेदनाशामक औषधांची गरज तर इन्फ्रारेडच्या गटात ५७ ते ७० टक्क्यांनी कमी भरली. २००६ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त हे निष्कर्ष छापून आले.

या दिव्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. साध्या इन्फ्रारेड दिव्यातले बरेच लांब लहरींचे किरण त्वचेच्या अगदी वरच्या थरातल्या पाण्यात शोषले जातात. त्यामुळे वरची कातडी आधी भाजू लागते आणि आतल्या थरांना पुरेशी ऊब मिळण्याआधीच दिवा दूर करावा लागतो. हायडेलबर्गच्या दिव्यापुढे पाण्याने भरलेली बंद कुपी होती. त्वचेला चटका देणाऱ्या लहरी ते पाणीच गिळते आणि उरलेले आखूड लहरींचे किरण अधिक आत जातात. हवेतल्या बाष्पातून गाळून येणारे ऊन असेच काम करते. शेक चालू असताना त्वचेखालचे तापमान साधारण २.७ अंशांनी वाढले आणि तिथल्या प्राणवायूचा दाब सुमारे ३० टक्क्यांनी.

प्राणवायूचा तो आकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जखमेतले जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना प्राणवायू लागतो, आणि थंडीने व वेदनेने रक्तवाहिन्या आखडल्या की त्याचाच तुटवडा पडतो. १९९६ साली मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांच्या २०० रुग्णांवर अभ्यास झाला. ऑपरेशन चालू असताना ज्यांचे अंग उबदार राखले, त्यांच्यापैकी ६ टक्क्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. ज्यांचे अंग थंड पडू दिले, त्यांच्यापैकी १९ टक्क्यांच्या. पुढे २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये ४२१ रुग्णांचा अभ्यास आला. स्तन, हर्निया आणि व्हेरिकोज व्हेन्स यांच्या शस्त्रक्रियांआधी निदान अर्धा तास ऊब दिली, तेव्हा संसर्गाचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. या दोन अभ्यासांत इन्फ्रारेड दिवाच होता असे नव्हे. पण ऊब ही जखमेच्या उपचाराचा भाग आहे, हे त्यांनी पक्के केले. तैवानमध्ये डायलिसिसच्या १४५ रुग्णांच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या मार्गावर, वर्षभर आठवड्यातून तीनदा, चाळीस-चाळीस मिनिटे लांब लहरींचा इन्फ्रारेड शेक दिला. पुन्हा हात न लावता टिकलेल्या फिस्टुलांचे प्रमाण शेक घेतलेल्यांत ८५.९ टक्के आणि न घेतलेल्यांत ६७.६ टक्के निघाले. फिस्टुला बंद पडला की दुसरे ऑपरेशन, नवा खर्च आणि नवी धावपळ. आपल्याकडच्या डायलिसिस केंद्रांनी याचा विचार करायलाच हवा.

जाहिरातींचा मात्र मला राग येतो. किरण कित्येक इंच आत, थेट हाडापर्यंत जातात असे त्या बेधडक सांगतात. चटया आणि पट्टे ज्या लांब लहरींच्या किरणांच्या नावावर विकले जातात, ते कातडीच्या वरच्या मिलिमीटरच्या काही अंशातच संपतात. आपले स्वतःचे शरीरही रात्रंदिवस तसेच किरण बाहेर टाकत असते. पट्ट्याने आराम पडतो तो कातडीला मिळालेल्या उबेने, तिथे वाढलेल्या रक्तप्रवाहाने, सैलावलेल्या स्नायूने. तो आराम खराच असतो. टोरंटोमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दहापैकी सरासरी ६.९ असलेली वेदना इन्फ्रारेड पट्ट्याने ३ वर आली. नकली पट्टा बांधलेल्यांची ७.४ वरून ६ वर. रुग्ण थोडे होते, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. त्यासाठी हाडापर्यंतची खोटी गोष्ट सांगण्याची गरज नव्हती.

आता धोक्याचे. गुडघ्याची वाटी बदलताना त्वचेला संवेदना देणारी एक बारीक नस बहुतेक वेळा कापली जाते आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा उरतो. नेमक्या त्याच जागी घरचे लोक दिवा धरतात. रुग्णाला चटका कळत नाही, आणि कळतो तेव्हा फोड आलेला असतो. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांचे तेच. म्हणूनच चांगला फिजिओथेरपिस्ट दिवा लावण्याआधी एक गरम आणि एक थंड परीक्षानळी त्वचेला टेकवून डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारतो, कोणती गरम? दोन मिनिटांची ही चाचणी घरी कोणीच करत नाही. मलम चोळून वर शेक घेणे हा भाजण्याचा आणखी एक हमखास मार्ग. दिवा दीड-दोन फूट अंतरावर असावा, वेळ पंधरा-वीस मिनिटांची, आणि त्याखाली झोप लागू देऊ नये.

पहिले काही दिवस गुडघा सुजलेला आणि गरम असतो. तेव्हा बर्फ, शेक नंतर, सूज उतरून सांधा आखडू लागला की. कॅन्सरच्या गाठीवर, रक्तस्राव होणाऱ्या किंवा पू धरलेल्या जखमेवर स्वतःहून शेक घेऊच नये. आत धातू बसवला असेल तर दिवा चालेल का, असेही लोक विचारतात. भीती आहे ती शॉर्टवेव्ह डायथर्मीची. त्या यंत्राने आतला धातू तापू शकतो. इन्फ्रारेड तेवढा आत जातच नाही. ही दोन यंत्रे एकाच खोलीत असतात, आणि उपचार कोणता चालला आहे हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते.

सगळ्यांत मोठे नुकसान भाजण्याचेही नाही. दिवा लावून पडून राहिले की उपचार झाल्यासारखे वाटते आणि व्यायाम राहून जातो. गुडघा वाकतो तो वाकवल्याने. शेकाची खरी जागा त्या व्यायामाच्या आधी आहे: स्नायू सैल झाला, दुखणे थोडे उतरले, की लगेच पाय हलवायला घ्यायचा. ज्या केंद्रात रुग्णाला दिव्याखाली ठेवून पुढच्याला आत घेतात आणि व्यायामाचा कागद हातात देऊन घरी पाठवतात, तिथे पैसे दिव्याचे घेतले जातात आणि उपचार होतच नाहीत.

तेव्हा या आठवड्यातल्या शिबिराला जरूर जा. घरात ऑपरेशन झालेले माणूस असेल तर दिव्याची ऑर्डर देण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून त्या दोन नळ्यांची चाचणी करून घ्या, शेक कोणत्या दिवसापासून घ्यायचा ते सर्जनला विचारा, आणि शेकानंतर कोणता व्यायाम किती वेळा करायचा, हे लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.