पाटलीण, सरपंच आणि शेतकरी

धंदेवाचक पुल्लिंगी नामास ‘ईण’ लावले म्हणजे स्त्रीलिंगी नाम होते, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो. माळी-माळीण, कासार-कासारीण, पाटील-पाटलीण. पण अर्थाकडे पाहू लागलो की निराळी गोष्ट ध्यानात येते. पाटीलकी करणारा तो पाटील. पाटलीण मात्र पाटलाची बायको. मास्तरीण, डॉक्टरीण या शब्दांनाही तीच छटा चिकटली. कासारीण स्वतः बांगड्या भरी, तरी धंदा नवऱ्याच्या नावाचा. सुईण हा शब्द तेवढा तिच्या स्वतःच्या कसबाचा. त्याला पुल्लिंगी जोडच नाही.

मग लिंगभेद नसलेली भाषा बरी काय? फिनलंडच्या फिनिश भाषेत नामांना लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंना एकच सर्वनाम आहे. तरीही तेथे डॉक्टरच्या पत्नीला ‘तोहतोरिन्ना’ म्हणत. म्हणजे आपली डॉक्टरीणच! १९९४ साली रीट्टा उओसुकाइनेन या तेथील संसदेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. त्यांचे पदनाम ‘पुहेमिएस’. त्यातील ‘मिएस’ म्हणजे पुरुष. तात्पर्य, व्याकरणातून लिंग गेले तरी समाजातून ते जातेच असे नाही.

आता आपल्या जालना जिल्ह्याकडे वळू. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली व ग्रामपंचायतींत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. भोकरदन, अंबड, परतूरकडील गावांत स्त्रिया सरपंच झाल्या. ‘सरपंचीण’ म्हटले असते तर ती सरपंचाची बायको ठरती. लोकांनी सरळ म्हटले, ‘सरपंच आल्या’. पद तेच ठेवले आणि बाई असल्याचे क्रियापदाकडून वदविले. ही मराठीची मोठी सोय आहे.

‘शेतकरी’ या शब्दाला मात्र हे भाग्य अजून पुरते लाभलेले नाही. खुरपणी आणि कापसाची वेचणी बहुतांशी बाईच्या हातची. पण सातबारा नवऱ्याच्या नावे असेल, तर पीककर्जाच्या कागदावर शेतकरी तोच. नवरा गेला, की तिच्या नावाचा फेरफार होईपर्यंत तिला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. आयुष्यभर शेत कसणारी बाई आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करीत बसते!

‘शेतकरी आल्या’ असे म्हणायला मराठीची काहीच हरकत नाही. भाषेने वाट मोकळी ठेवली आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव चढविणे हे काम आपले, आणि ते ती सौभाग्यवती असतानाच व्हावे, एवढेच आमचे सांगणे.