कार्ड पेटीत, पैसे पसार

बँकेच्या कार्डावर बहुधा १६ आकडे असतात. मागच्या बाजूला आणखी ३ असतात. मोबाईलवर खरेदी करताना हे आकडे भरले की झाले. कार्ड कोणाला दाखवावे लागत नाही. म्हणजे कार्ड आपल्या पेटीत राहते आणि पैसे दुसराच नेतो, असे होऊ शकते.

म्हणून बँक आणखी एक कडी घालते. खरेदीच्या वेळी आपल्या मोबाईलवर एक नवा नंबर येतो. त्याला ओटीपी म्हणतात. चोराने बाकीचे आकडे कुठून तरी मिळवलेले असतात. हा नंबर तेवढा त्याच्याजवळ नसतो. मग तो फोन करतो. "बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड बंद पडणार. आलेला नंबर सांगा." कधी गोड बोलतो, कधी दटावतो. आम्ही म्हणतो, बँकेनं तो नंबर विचारायचं कारणच काय? तिनेच तर तो पाठवलेला असतो!

नंबर सांगून बसलात, तर लाजू नका. घरच्यांपासून लपवू नका. तडक बँकेला कळवून कार्ड बंद करायला सांगा. १९३० या नंबरावर तक्रार करा. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने एक नियम केला. खातेदाराच्या चुकीने पैसे गेले, तरी बँकेला कळविल्यानंतर जे जातील, ते बँकेने सोसायचे. तेव्हा एकेक मिनिट मोलाचे आहे.

बँकेचा फोन नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. तो आजच वहीत उतरवून घ्या. आता लिहिता येतंच की!