हजार यार्डांवर गोळीचं काय होतं?

इंग्लंडमध्ये बिस्ली इथे स्टिकलडाउन नावाची रेंज आहे. ‘किंग्ज प्राइझ’ या जुन्या नेमबाजी स्पर्धेची अंतिम फेरी जुलै महिन्यात तिथे रंगते. शंभर नेमबाज जमिनीवर पालथे पडून आधी 900 आणि मग 1000 यार्डांवरून प्रत्येकी पंधरा गोळ्या झाडतात. रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगी नसते, साधी छिद्राची साईट असते. समोर हजार यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर, लक्ष्याचं सुमारे दोन फूट व्यासाचं मधलं वर्तुळ असतं. इतक्या लांबून त्यात एकामागून एक गोळ्या घालणं हे स्थिर हाताचं काम आहेच. पण नळीतून सुटल्यावर गोळी हवेत काय करते हे ज्याला उमगलेलं नाही, त्याचा स्थिर हात इथे फारसा उपयोगी पडत नाही.

हवा किती अडवते

या स्पर्धेत 7.62 मिमीची, साधारण 155 ग्रेन म्हणजे दहा ग्रॅम वजनाची गोळी वापरतात. ती सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने सुटते असं धरू. वाटेत हवा नसती तर 914 मीटरना तिला एक सेकंद पुरला असता. प्रत्यक्षात जवळपास दीड सेकंद लागतो आणि पोचेपर्यंत निम्म्याहून अधिक वेग संपलेला असतो.

शाळेत शिकवलेल्या प्रक्षेपगतीत हवेचा विरोध सोडून दिलेला असतो, म्हणून तो किरकोळ असेल असं आपल्याला वाटत राहतं. रायफलीच्या गोळीबाबत तो सुटतानाच तिच्या वजनाच्या पन्नास पटींहून जास्त असतो. ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्लिश गणितज्ञाने. टांगलेल्या जड लाकडी लंबकावर गोळी झाडायची आणि तो किती झुलला यावरून तिचा वेग काढायचा, अशी त्याची पद्धत होती. वेगवेगळ्या अंतरांवर वेग मोजून त्याने 1742 साली आपले निष्कर्ष छापले आणि तोफखान्याच्या तोवरच्या गणिताला मोठा धक्का बसला.

गुरुत्वाकर्षणही हवेमुळेच जास्त जाचक होतं. वाटेत वेळ जास्त गेला की गोळी जास्त खाली येते. हजार यार्डांवर आपली गोळी नळीच्या रेषेखाली नऊ-दहा मीटर उतरते, म्हणून नळी तेवढी वर रोखावी लागते. त्यामुळे काडतुसांचा वेग एकसारखा असणं फार महत्त्वाचं. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक असला, तरी लक्ष्यावर गोळी वीतभर वरखाली होते.

लांब आणि निमुळती

हवेतून कमीत कमी वेग गमावून जाण्याच्या क्षमतेला बॅलिस्टिक गुणांक म्हणतात. तो दोन गोष्टींवर ठरतो. आडव्या छेदाच्या मानाने गोळी वजनदार हवी, आणि तिचा आकार हवा सहज कापणारा हवा. टोक लांब निमुळतं असलं की पुढचा विरोध घटतो. बूड होडीच्या मागच्या भागासारखं आत वळवलेलं असलं की गोळीमागे तयार होणारी पोकळी आणि तिची ओढ कमी होते. जास्त गुणांकाची गोळी थोड्या कमी वेगाने सुटली, तरी लांबवर ती हलक्या वेगवान गोळीला मागे टाकू शकते. दुकानात मात्र काडतुसाच्या खोक्यावर सुटतानाचा वेगच ठळक छापलेला दिसतो, हे मला खटकतं.

लांब गोळी हवेत आपली आपण सरळ राहत नाही. हवेचा दाब तिला उलटवू पाहतो, म्हणून तिला भोवऱ्यासारखी फिरकी द्यावी लागते आणि ते काम नळीतल्या सर्पिल खाचा करतात. बारा इंचांत एक फेरा या पिळाच्या नळीतून आपली गोळी सुटली तर ती मिनिटाला सुमारे पावणेदोन लाख फेरे या गतीने फिरत असते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने हे 1850च्या दशकात ओळखलं. त्याने नळी बारीक केली, गोळी लांब केली आणि पीळ खूप घट्ट घेतला. 1860 साली विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचं उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने केलं, ते त्याच्याच रायफलीने. तिवईवर बसवलेली ती रायफल 400 यार्डांवर रोखलेली होती. गोळी लक्ष्याच्या मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली.

फिरकीमुळे गोळी थोडी बाजूलाही सरकते. उजव्या पिळाच्या नळीतून ती उजवीकडे जाते, हजार यार्डांवर साधारण वीतभर. पृथ्वीच्या परिवलनाने बिस्लीच्या अक्षांशावर आणखी सात-आठ सेंटिमीटरची भर पडते. हे आकडे गप्पांमध्ये फार रंगवून सांगितले जातात. पण एका रेंजवर, एका अंतरावर ते जवळपास कायम असतात, त्यामुळे साईट लावतानाच त्यांची सोय होऊन जाते.

ध्वनीच्या वेगापाशी

20 अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर असतो. त्याहून वेगाने जाणारी गोळी हवेत आघातलहरी उठवत जाते. एर्न्स्ट माख आणि पीटर साल्खर यांनी 1880च्या दशकात त्यांची छायाचित्रं घेतली. वेग उतरत ध्वनीच्या वेगाजवळ आला की या लहरींची जागा बदलते, दाबाचा तोल ढळतो आणि काही गोळ्या डगमगू लागतात. 300 मीटरसाठी उत्तम असलेली 168 ग्रेनची एक प्रसिद्ध गोळी हजार यार्डांजवळ याच कारणाने बेभरवशाची ठरते. तिथे लक्ष्याच्या कागदाला गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं, तर गोळी आडवी होऊन आली असं समजावं.

वारा

बाकी सगळं गणिताने आधी काढून ठेवता येतं. वारा मात्र त्या क्षणी ओळखावा लागतो, आणि स्पर्धा बहुतेक वेळा तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

बाजूने सेकंदाला साडेचार मीटरचा, म्हणजे ताशी सोळा किलोमीटरचा वारा आहे असं समजा. गोळी दीड सेकंद हवेत आहे, तर ती पावणेसात मीटर वाहून जाईल असं वाटतं. ती जाते सुमारे दोन मीटर. फिरकीने स्थिर झालेली गोळी समोरून येणारी हवा आणि बाजूचा वारा यांच्या एकत्रित दिशेला किंचित तोंड वळवते. हवेचा विरोध मग थोडा तिरका लागतो आणि तोच तिला बाजूला ओढतो. विरोध नसता तर सरकणंही झालं नसतं. म्हणून हिशेबात धरायचा तो गोळीला हवेमुळे झालेला उशीर. वाऱ्याच्या वेगाला त्या जेमतेम अर्ध्या सेकंदाने गुणलं की दोन मीटर मिळतात. चांगल्या आकाराच्या गोळीचं मोल इथे कळतं, कारण तिला उशीरच कमी होतो.

नेमबाजाजवळचा वारा लक्ष्याजवळच्या वाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण सुरुवातीला मिळालेली तिरकी दिशा पुढे सबंध अंतरभर वाढत जाते. बिस्लीला रेंजभर झेंडे लावलेले असतात. त्यांच्या जोडीला नेमबाज शेजारी ठेवलेल्या दुर्बिणीतून जमिनीवरची थरथरणारी गरम हवा, म्हणजे मिराज, पाहतात. ती सरळ वर उकळत असेल तर आडवा वारा जवळपास नाही. ती आडवी वाहू लागली की वारा सुटला.

पन्नास मीटरही कमी नाहीत

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोन (पालथं पडून) प्रकारात जागतिक सुवर्ण जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. या प्रकारांत .22 ची छोटी शिशाची गोळी असते आणि अंतर बिस्लीच्या अठराव्या भागाएवढं, तरी नियम तेच लागू होतात.

.22 च्या वेगवान काडतुसांची गोळी ध्वनीच्या वेगापुढे जाते. पण तिथे विरोध एकदम वाढतो, गोळीला उशीर जास्त होतो आणि वारा तिला जास्त ढकलतो. म्हणून स्पर्धेतली दर्जेदार काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे 325 मीटरवर ठेवलेली असतात. संथ गोळी वाऱ्यात कमी हलते हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण उशिराच्या हिशेबात ते चोख बसतं. दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिमी व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिमी दूर. सेकंदाला तीन मीटरची आडवी झुळूक या गोळीला दोनेक सेंटिमीटर सरकवते, म्हणजे अगदी मध्यावर धरलेला नेमही आठवर उतरतो.