देलाक्र्वाच्या मोरोक्कोतील वह्या

चित्रकाराची रेखाटनवही म्हणजे पुढे रंगवावयाच्या मोठ्या चित्राची केवळ पूर्वतयारी, असा जो समज आपल्याकडे सर्रास आढळतो, तो यूजेन देलाक्र्वा याने १८३२ साली मोरोक्कोत भरलेल्या वह्यांपुढे टिकत नाही. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जिअर्स काबीज केल्यावर शेजारच्या मोरोक्कोच्या सुलतानाशी सरहद्दीचा तंटा उपस्थित झाला, आणि तो सामोपचाराने मिटावा म्हणून लुई फिलिप राजाने काउंट शार्ल द मॉर्ने यास वकील नेमून रवाना केले. त्या वकिलातीत कोणताही हुद्दा नसलेला, निव्वळ सोबती म्हणून घेतलेला, हा तेहेतीस वर्षांचा चित्रकार होता. जानेवारीच्या अखेरीस टँजिअरला उतरल्यापासून जुलैत तूलाँ बंदरी परतेपर्यंत त्याने सात वह्या भरल्या.

देलाक्र्वाची लेखी रोजनिशी विख्यात आहे. परंतु १८२२ साली सुरू झालेली ती रोजनिशी १८२४ मध्ये खंडित झाली व थेट १८४७ साली पुन्हा सुरू झाली. मधल्या तेवीस वर्षांत त्याच्या दिनक्रमाची तारीखवार नोंद मुख्यतः या वह्यांतच सापडते, आणि तीही अर्धी अक्षरांत व अर्धी रेषांत. सुलतानाची भेट जेथे झाली त्या मेक्नेस शहरातील मुक्कामाची पाने पाहावीत: कुठे तटाची भिंत व वेस, तिच्याखाली बोटाच्या पेराएवढ्या बुरणूस (टोपीचा झगा) घातलेल्या आकृती, आणि त्यांच्या आजूबाजूने, जिथे जागा मिळेल तिथून, घाईघाईच्या हस्ताक्षरातील ओळी. शिसपेनीने आकार धरावा, रंग भरण्यास अवसर नसेल तर त्याचे नावच शब्दाने टिपून ठेवावे, आणि जलरंगाचा कुंचला सवडीने फिरवावा, अशी ही रीत. उघड्यावर चित्र काढणाऱ्या परक्याकडे तेथील लोक रोषाने पाहत, त्यामुळे घाई ही केवळ स्वभावाची नव्हती.

व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतो, खतावणीची विभागणी मागाहून होते. देलाक्र्वाची वही ही रोजकीर्द होय, आणि तिची खतावणी करण्यात त्याचे उरलेले आयुष्य गेले. मुसलमान घरांचे अंतर्भाग परक्या पुरुषाला बंद, पण दुभाषा अब्राहम बेनशिमोल याच्या ओळखीने टँजिअरच्या यहुदी घरांत त्याला प्रवेश मिळाला. फेब्रुवारीत पाहिलेल्या एका यहुदी लग्नाच्या टिपणांवरून त्याने जे चित्र रंगविले ते १८४१ च्या पॅरिसच्या सालों या चित्रप्रदर्शनात मांडले गेले, आणि त्याच विवाहावरील त्याचा लेख पुढल्या वर्षी ‘मागाझँ पितोरेस्क’ या नियतकालिकात छापून आला. एकाच वहीतून चित्र व लेख दोन्ही निघावेत, यातच तिचे स्वरूप उघड होते.

येथे एक विसंगती दिसते, आणि मला तरी तीच सर्वांत मोलाची वाटते. आफ्रिकेच्या प्रवासातून आपल्या हातून काही बरे निर्माण झाले ते बारीकसारीक तपशील विसरून गेल्यावरच, अशा आशयाची कबुली त्याने १८५३ च्या रोजनिशीत दिली आहे. मग इतका खटाटोप कशासाठी? मला वाटते, जे एकदा हाताने कागदावर उतरविले ते विसरण्याची मुभा मनाला मिळते. ज्याने काहीच टिपले नाही, त्याला मात्र सारेच उराशी धरून बसावे लागते. मेक्नेसला २२ मार्च रोजी सुलतान मौलाय अब्दुर्रहमान याने वकिलाची भेट घेतली. त्या प्रसंगाच्या आरंभीच्या कल्पनाचित्रांत मॉर्ने आहे. १८४५ च्या भव्य चित्रात घोडा, छत्री, तट व लवाजम्यासह सुलतान तेवढा उरला आणि वकील नाहीसा झाला. मधल्या काळात, १८४४ साली, फ्रान्स व मोरोक्को यांची लढाई होऊन गेली होती, तेव्हा या गाळणीत विस्मृतीचा वाटा किती आणि राजकारणाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

१८६३ मध्ये देलाक्र्वा वारला, आणि पुढल्या वर्षी त्याच्या चित्रशाळेचा लिलाव होऊन वह्या पांगल्या. आज सातांपैकी चारच ठाऊक आहेत. तीन लूव्रमध्ये, चौथी ड्यूक द ओमाल याच्या संग्रहातून शाँतिलीच्या काँदे संग्रहालयात आली. हा ड्यूक लुई फिलिपचा पुत्र, आणि १८४३ साली अल्जीरियात फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या अमीर अब्दुल कादिरची छावणी लुटणारा सेनानी. ड्यूकच्या दानपत्रातील अटीमुळे तेथील वस्तू बाहेर उसनी देता येत नाही, सबब शाँतिलीबाहेर चारही वह्या एका दालनात पाहण्याची सोय नाही.