बिनतारी कार्यालय आणि त्याचे कुलूप

‘बिनतारी’ हा शब्द आपल्याला नवा नाही. पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग, जहाजावरचा बिनतारी यंत्रचालक ही मंडळी आपल्या आजोबांच्याही ओळखीची. त्या काळी बिनतारी म्हटले की डोळ्यांपुढे येई ते एक अवजड यंत्र आणि त्याच्यापुढे कान टवकारून बसलेला माणूस. आज तेच यंत्र भाकरीएवढ्या पांढऱ्या पेटीत मावले आहे आणि ते दवाखान्यात, वाचनालयात, उपाहारगृहात, फार कशाला, आपल्या प्राध्यापकांच्या खोलीतही छताला चिकटलेले दिसते. या पेटीला ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणतात. ‘प्रवेशबिंदू’ असा तिचा तर्जुमा करता येईल, पण तो कुणाच्या तोंडी बसणार नाही. म्हणून या लेखात मी तिला सरळ ‘पेटी’च म्हणणार आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे विज्ञान शाखेतील मित्र विचारतील. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि एका आठवड्यात असंख्य कचेऱ्या घराघरांत जाऊन बसल्या. जेवणाच्या टेबलावर बँकेची खाती उघडू लागली, माजघरातून विम्याचे दावे निकालात निघू लागले. पुढे टाळेबंदी उठली, तरी ही पद्धत पुरती गेली नाही. आपल्यापैकी पुष्कळांना उद्या अशाच कचेरीत काम करायचे आहे आणि आपल्या सर्वांचीच कागदपत्रे आज अशा कचेऱ्यांच्या हवेतून ये-जा करीत आहेत. तेव्हा ही हवा कितपत बंदिस्त आहे, हे जाणून घेणे केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर सोडून चालणार नाही.

प्रथम पेटीचे काम पाहू. एका बाजूने तिला तार जोडलेली असते, दुसऱ्या बाजूने ती रेडिओलहरींनी आपल्या संगणकाशी आणि मोबाइलशी बोलते. आकाशवाणीचे केंद्र नुसते बोलते; ही पेटी बोलते आणि ऐकतेही. तिच्या नेहमीच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी असते. ज्या कंपनसंख्येवर ती चालते तिला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. आपल्या देशात हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणूनच आज कुणीही दुकानातून पेटी आणून भिंतीवर लावू शकतो. या लहरी विटांच्या भिंतीतून थोड्या क्षीण होऊन, पण बाहेर पडतात. जिन्यात, शेजारच्या बिऱ्हाडात, रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षात त्या पोहोचतात. तारेतून जाणारा मजकूर चोरायचा तर चोराला तारेपर्यंत यावे लागते. इथे मजकूर आपण होऊन त्याच्याकडे जातो. त्याने फक्त ऐकायचे.

यावर उपाय एकच. जे हवेत सोडायचे ते अशा सांकेतिक रूपात सोडायचे की ज्याच्याजवळ चावी आहे त्यालाच ते उलगडावे. १९९७ साली या यंत्रांचे पहिले प्रमाण ठरले तेव्हाच त्यात अशा कुलपाची सोय केलेली होती. तिचे नाव डब्ल्यूईपी. नावाचा अर्थ असा की, तारेतून गेला असता तर मजकूर जितका खाजगी राहिला असता तितकाच तो हवेतही राहील. नाव मोठे, लक्षण खोटे! मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून पाठवला जातो, आणि प्रत्येक पाकिटासाठी मूळ चावीला एक वेगळा क्रमांक जोडून नवी चावी बनवायची, अशी ती योजना होती. परंतु या क्रमांकासाठी जागा ठेवली ती एवढीशी की १,६७,७७,२१६ पाकिटांनंतर क्रमांक संपतात आणि मग जुनेच पुन्हा वापरावे लागतात. आकडा मोठा वाटतो, पण कामाच्या वेळी गजबजलेल्या जाळ्यात एवढी पाकिटे काही तासांत उडून जातात. एकाच चावीने दोन मजकूर बंद केले की दोन्ही शेजारी ठेवून उकल करण्यास वाव मिळतो. शिवाय चावी आणि क्रमांक जोडण्याच्या रीतीतच एक खोट आहे, हे २००१ साली तीन संशोधकांनी दाखवून दिले. २००७ साली जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी तर हे कुलूप एका मिनिटाच्या आत उघडून दाखवले.

ही केवळ पंडितांची चर्चा नव्हती, हे अमेरिकेतील टीजेएक्स या दुकानदारी करणाऱ्या कंपनीला चांगलेच कळले. या कंपनीची हजारो दुकाने गावोगावी आहेत आणि ती सर्व मध्यवर्ती संगणकांना जोडलेली होती. दूरच्या शाखा, मधे बिनतारी दुवे आणि शेवटी मुख्य कचेरी: आपला विषय हाच. चोरांची टोळी संगणक घेऊन मोटारीतून हिंडे आणि कोणत्या दुकानाचे जाळे सैल आहे ते पाही. जुलै २००५ मध्ये ते टीजेएक्सच्या जाळ्यात शिरले. कंपनीला पत्ता लागला डिसेंबर २००६ मध्ये! जानेवारी २००७ मध्ये बातमी फुटली आणि मागाहून हिशेब निघाला तो किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांच्या तपशिलाचा. कॅनडाच्या खाजगीपणा-आयुक्तांनी चौकशी करून त्याच वर्षी अहवाल दिला. जुने कुलूप कच्चे आहे हे ठाऊक असूनही ते बदलण्यास कंपनीने फार वेळ लावला, असा ठपका त्यात आहे. चांगले कुलूप २००३ पासून बाजारात होते. टोळीचा म्होरक्या अल्बर्ट गोन्झालेझ याला २०१० साली वीस वर्षांची शिक्षा झाली. मला या प्रकरणात सर्वात विचार करण्यासारखी वाटते ती गोष्ट म्हणजे चोरांना दुकानातला गल्ला नकोच होता. दुकानाची पेटी ही त्यांना मुख्य कचेरीच्या तिजोरीकडे जाणारी गल्ली वाटली, आणि ती तशी होतीही.

आपल्याकडचा धडा याहून निराळा आणि अधिक भीषण आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल आला होता. माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सदनिकेत. तिथे राहत होते एक परदेशी गृहस्थ, आणि त्यांच्या घरचे बिनतारी जाळे भलत्यानेच वापरले होते. ऑगस्टमधला दुसरा ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेला, आणि सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या जाळ्यातून. घर, महाविद्यालय, कचेरी. तिघांनाही आपल्या पेटीतून काय गेले याची गंधवार्ता नव्हती. मात्र चौकशीला पोलीस आधी आले ते त्यांच्याच दारी. पुढल्याच वर्षी दूरसंचार खात्याने बिनतारी जाळी कुलूपबंद ठेवण्याविषयी सूचना काढल्या.

आता आजचे कुलूप. २००४ पासून डब्ल्यूपीए-दोन ही पद्धत आली आणि २०१८ मध्ये तिची पुढची आवृत्ती. यात एक सुंदर कल्पना आहे. आपला पासवर्ड हवेतून जातच नाही! पेटी एक यदृच्छ संख्या पाठवते, आपला मोबाइल आपली एक संख्या पाठवतो. दोघेही त्या दोन संख्या आणि मनातला पासवर्ड यांवरून आपापल्या जागी गणित करतात. उत्तरे जुळली तर दोघांजवळ एकच पासवर्ड आहे हे सिद्ध झाले, आणि त्याच उत्तरातून त्या बैठकीपुरती नवी चावीही तयार झाली. परंतु हे संभाषण टिपून घेणारा घरी निवांत बसून लाखो शब्द घालून पाहू शकतो. पासवर्ड ‘गणपती१२३’ असेल तर तो रात्रभरही टिकत नाही. नव्या आवृत्तीत ही सवलत काढून घेतली आहे. प्रत्येक तर्क पेटीसमोर येऊनच करावा लागतो. शिवाय २०१७ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी डब्ल्यूपीए-दोनमध्येही एक फट दाखवली. ती पेटीतील व मोबाइलमधील आज्ञावली सुधारून बुजवता आली. पण ज्यांनी पेटी भिंतीला लावली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलेच नाही, त्यांची फट तशीच राहिली असणार.

कुलूप कितीही चांगले असो, चावी किती जणांजवळ आहे हा प्रश्न उरतोच. गेली दोन वर्षे मी सकाळचे वर्ग आटोपल्यावर एका करसल्लागाराच्या कचेरीत बसतो. तिथे नोकरदारांची, दुकानदारांची, पेन्शनरांची विवरणपत्रे भरली जातात. प्रत्येकाचा पॅन, बँक खाते, उत्पन्न, कर्ज, सारे संगणकात. या कचेरीच्या पेटीचा पासवर्ड भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहिलेला असे. तो कर्मचाऱ्यांना माहीत, कुरिअरवाल्याला माहीत, ताटकळत बसलेल्या अशिलांच्या मुलांनाही माहीत. मध्यंतरी एक कारकून भांडून नोकरी सोडून गेले. मी साहेबांना म्हटले, “साहेब, पासवर्ड बदलायला हवा.” ते म्हणाले, “अरे, मग पंधरा जणांच्या मोबाइलमध्ये पुन्हा घालत बसावा लागेल. जाऊ दे.” आणि ते जाऊ दिले. त्या कारकुनांनी काही केले असे माझे म्हणणे नाही. ते सज्जन गृहस्थ होते. पण खालच्या हॉटेलात चहा घेताना त्यांचा मोबाइल आपसूक आमच्या जाळ्याला जोडला जात असे, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितले.

मोठ्या संस्था यासाठी निराळी पद्धत वापरतात. तिथे पेटी स्वतः निर्णय घेत नाही. ती नुसती दरवानासारखी असते. कुणी आले की ती त्याला दारात थांबवते आणि आत, मुख्य कचेरीतल्या नोंदवहीला विचारते: हा आपला माणूस का? प्रत्येकाचे नाव वेगळे, गुपित वेगळे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या एकट्याच्या नावावर रेघ मारायची. बाकी पंधरांना तोशीस नाही. याहून पक्की रीत म्हणजे प्रत्येक संगणकाला एक सांकेतिक प्रमाणपत्र देणे. ते कालनिर्णयावर लिहिता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण! ही ओळख पटवण्याची क्रिया दोन्हीकडून झाली पाहिजे, हे मात्र पुष्कळजण विसरतात. कुणीही आपल्या पेटीला आमच्या कचेरीचे नाव देऊन ती बाहेर रस्त्यावर लावू शकतो. तेव्हा पलीकडचे दार खरे आहे ना, हेही आपल्या संगणकाने तपासायला हवे. तो तपासतो आणि शंका आली तर विचारतोही. आपण न वाचता ‘होय’ दाबतो.

विद्यार्थ्यांच्या परिचयाचे होऊ शकेल असे याचे उदाहरण म्हणजे ‘एड्युरोम’. २००३ च्या सुमारास युरोपात सुरू झालेली ही योजना भारतात अर्नेट ही संस्था चालवते. योजनेत असलेल्या विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात पाहुणा म्हणून गेला, तर तिथली पेटी त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाला विचारून त्याला आत घेते. गंमत अशी की, व्यवस्था नीट केलेली असेल तर यजमान विद्यापीठाला त्याचा पासवर्ड कळतही नाही.

आता घरून काम करणाऱ्याकडे वळू. हवेतले कुलूप संगणकापासून पेटीपर्यंतच पुरते. पेटीच्या पुढे मजकूर तारेने निघाला की ते कुलूप उतरते आणि पुढचा प्रवास साऱ्या जगाच्या इंटरनेटमधून. यासाठी आणखी एक योजना असते. तिला बोगदा म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. खंडाळ्याच्या घाटात आगगाडी बोगद्यात शिरली की डोंगरावरच्या माणसाला आत कोण बसले आहे ते दिसत नाही. तसाच मजकूर एका टोकाला सांकेतिक होऊन शिरतो तो मुख्य कचेरीतच उलगडतो. बहुतेकांना हा बोगदा व्हीपीएन या नावाने माहीत आहे आणि तो संगणकातच सुरू करावा लागतो. पण कचेरीने पाठवलेली पेटीच हा बोगदा खणील अशीही सोय निघाली आहे. अशी पेटी कर्मचाऱ्याने घरी नेऊन तारेला जोडायची. तिच्यात मुख्य कचेरीचा पत्ता आणि स्वतःचे प्रमाणपत्र आधीच बसवलेले असते. ती आपण होऊन कचेरीशी संधान बांधते, आणि मग घरात कचेरीच्याच नावाचे जाळे उमटते. वहिनींचा मोबाइल आणि मुलांचे खेळ घरच्या वेगळ्या जाळ्यावर. ते कचेरीच्या बोगद्यात शिरू शकत नाहीत. पेटी हरवली किंवा चोरीला गेली तर कचेरीतून तिचे प्रमाणपत्र रद्द करता येते.

तरीही बोगद्याच्या तोंडाशी विषाणूने ग्रासलेला संगणक असेल, तर बोगदा तो विषाणूही तितक्याच सुरक्षितपणे मुख्य कचेरीत पोहोचवतो. म्हणून शाखेला जेवढे लागते तेवढेच दार उघडावे, अख्खी तिजोरी नव्हे. टीजेएक्समध्ये नेमके हे झाले नव्हते.

आमच्या साहेबांनी गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी शाखा काढायचे ठरवले, तेव्हा हा सगळा विचार करावाच लागला. कालनिर्णयावरचा पासवर्ड गेला. प्रत्येकाला आपले नाव आणि आपले गुपित मिळाले, अशिलांसाठी वेगळे जाळे झाले आणि शाखेच्या भिंतीवर बोगदा खणणारी पेटी बसली. पहिले पंधरा दिवस सर्वांनी कुरकुर केली. आता कुणाला तिची आठवणही नसते. तालुक्याला दुपारी वीज गेली की मात्र पेटी मुकी होते, आणि तिथले कारकून पूर्वीसारखेच फायली मोटारसायकलला बांधून संध्याकाळच्या आत आमच्याकडे येऊन पोहोचतात.